मराठी वाचता येईल असा, खिशाला झेपेल असा घरचा स्कॅनर

स्कॅनरच्या डब्यावर ‘ओसीआर सॉफ्टवेअर मोफत’ (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणं) असं छापलेलं असतं आणि दुकानदार नेमका त्या ओळीवर बोट ठेवून महागडं मॉडेल पुढे करतो. त्या ओळीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. डब्यातल्या त्या सॉफ्टवेअरला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वाचता येतं. मराठी बहुधा येत नाही. छापील मराठी बऱ्यापैकी वाचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि ती कोणत्याही कंपनीच्या स्कॅनरबरोबर चालतात. म्हणून पैसे मोजायचे ते काचेचे आणि तिच्याखालच्या सेन्सरचे.

मी अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं, सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ‘ड’ वर्गाचं अनुदान केवढं असतं ते माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. त्यातून यंत्र येणं शक्य नव्हतं, तेव्हा स्कॅनर माझ्या घरचा आहे, संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले तेव्हा घेतलेला. वाचनालयाचे जुने अंक, इतिवृत्तं, पिवळी पडलेली पुस्तकं यांच्यासाठी घेतला. आता निम्मा गाव आपापली कागदं घेऊन ओसरीवर येतो. त्यामुळे कोणाला काय लागतं याचा अंदाज मला चांगला आला आहे.

खरंच लागतो का?

मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक, एखादा दाखला एवढंच असेल तर स्कॅनर घेऊच नका. मोबाईलमधल्या गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, ती कडा कापून सरळ पीडीएफ करून देते. दिवसाउजेडी खिडकीजवळ कागद ठेवला, आपली सावली पडू दिली नाही, की काम होतं.

सात-बारा आणि फेरफार स्कॅन करायला निघालेल्यांनी आधी महसूल विभागाचं ‘आपले अभिलेख’ हे संकेतस्थळ पाहावं. अमरावती, अकोला यांसारख्या जिल्ह्यांचे जुने महसुली कागद शासनानेच स्कॅन करून तिथे ठेवले आहेत. चालू सात-बारा तर डिजिटल सहीचा मिळतोच. घरच्या विरलेल्या नकलेपेक्षा तो बरा.

हाताने लिहिलेल्या कागदांसाठी लोक फार आशेने येतात. “ताई, माह्या बुढ्याच्या हातचं लिवलेलं हे मशीन वाचीन का?” असं कोणी विचारलं की मी स्पष्ट सांगते: फोटो उत्तम निघेल, वाचून मिळणार नाही. सुटं, गोल, शाळकरी अक्षर असेल तर मोबाईलवरचं गुगल लेन्स थोडंफार उचलतं. भजनाच्या वहीतलं घाईचं अक्षर किंवा पटवाऱ्याच्या काळ्या शाईतली नोंद नाही उचलत. मोडीतल्या कागदांचं तर नावच नको. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २०१४ साली जागा मिळाली, पण घरगुती सॉफ्टवेअर ती वाचत नाहीत. मोडी वाचणारा माणूसच शोधावा लागतो. तरी अशा कागदांचं चांगलं स्कॅन करून ठेवाच, कारण कागद टिकणार नाही.

मग उरतं काय? छापील किंवा टंकलिखित मजकूर, आणि तोही शे-दोनशे पानांच्या वर. जुनी पुस्तकं, स्मरणिका, संस्थेचे अहवाल, पंचक्रोशीच्या इतिहासाची पत्रकं, कोर्टाचे टाइप केलेले निकाल. हे असेल तर स्कॅनर घ्या.

काचेखालचा फरक

घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे कागद काचेवर पालथा ठेवायचे, दोन जातींचे असतात. सीआयएस जातीत सेन्सर काचेला अगदी लागून असतो, म्हणून यंत्र पाटीसारखं चपटं आणि हलकं होतं, स्वस्तही पडतं. पण त्याला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. कागद काचेपासून जरा उचलला गेला की अक्षर धूसर. सीसीडी जातीत दिवा, आरसे आणि भिंग असतं; यंत्र जाड, जड, महाग, पण काचेपासून थोडं वर असलेलंही त्याला दिसतं.

याचा अर्थ पुस्तकवाल्यांना लगेच कळेल. जाड बांधणीचं पुस्तक उघडून पालथं घातलं की मधला खोबणीचा भाग काचेला टेकत नाही. सीआयएसवर प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं तिथे विरघळतात. नवीन सीसीडी स्कॅनर आमच्यासारख्यांच्या आवाक्यात क्वचितच येतो. तेव्हा चपटाच घ्यायचा आणि पुस्तकाचं एकेक पान टेबलाच्या कडेशी नेऊन दाबायचं: स्कॅनर टेबलाच्या टोकाला, स्कॅन करायचं पान काचेवर, बाकीचं पुस्तक कडेवरून खाली लोंबतं. काही मॉडेलमध्ये काच कडेच्या बरीच जवळ असते, काहींत दीड-दोन बोटं प्लॅस्टिकची पट्टी असते. दुकानात ही पट्टी नीट बघा. ती जितकी अरुंद तितकं पुस्तकवाल्याचं भलं. बांधणी सुटत आलेली असेल तर बाइंडरकडे देण्याआधी, पानं सुटी आहेत तोवर स्कॅन करा. पुन्हा असा मोका मिळत नाही.

कागद आपोआप ओढून घेणारे स्कॅनर बघून मोह होतो. बिलं, अर्ज, नव्या झेरॉक्स यांना ते झकास. पन्नास वर्षांपूर्वीचा अंक मात्र त्यात घालू नका. कोपरा कुरतडलेला, घडीवर फाटलेला कागद रोलरमध्ये अडकतो आणि फाटूनच बाहेर येतो.

प्रिंटर-कम-स्कॅनर हा तिसरा पर्याय. घरात छपाई लागतच असेल, मुलांचे प्रोजेक्ट असतील, तर हरकत नाही. त्यातला स्कॅनरही सहसा सीआयएसच असतो. पण नुसत्या स्कॅनसाठी तो घेऊ नये. छपाई रोज झाली नाही तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात शाई सुकते, आणि काही मॉडेल शाईची तक्रार मिटेपर्यंत स्कॅनही करू देत नाहीत.

आकडे आणि माप

डब्यावर ४८०० डीपीआय, २४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) असले आकडे मोठ्या टायपात असतात. अक्षर वाचायला ३०० पुरतात. टाइप फार बारीक असेल, पंचांगासारखा, तर ४०० किंवा ६००. अख्खं ए-फोर पान ३०० वर राखाडी छटेत घेतलं की न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाइल पावणेनऊ एमबीच्या आसपास होते. तेच पान २४०० वर रंगीत घेतलं तर दीड जीबीच्या पुढे, आणि लॅपटॉप गुरगुरत बसतो. म्हणून २४०० आणि ४८०० मध्ये पैशाचा फरक असेल तर स्वस्त तो घ्या, कागदांसाठी तोही गरजेपेक्षा कैकपट आहे. ‘इंटरपोलेटेड’ असा आणखी मोठा आकडा दिसला तर तिकडे बघूच नका. ते सॉफ्टवेअरने फुगवलेलं चित्र असतं.

त्यापेक्षा काचेच्या लांबीकडे बघा. घरगुती स्कॅनरची काच ए-फोरची असते, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. स्टॅम्प पेपरवरचं जुनं खरेदीखत, कोर्टाचा लीगल कागद त्यापेक्षा लांब, तो काचेवर मावत नाही. लीगल मापाचा फ्लॅटबेड घरासाठी परवडत नाही. असा कागद दोन भागांत घ्यावा, मधल्या चार-पाच ओळी दोन्हींत येतील असा. झाकण बिजागरीतून वर उचललं जातं किंवा काढता येतं का, तेही बघा. फोल्ड केलेले नकाशे आणि जाड पुस्तकं घालताना त्याचं महत्त्व कळतं.

मॉडेलांची नावं हवीच असतील तर कॅननची लाइड ३०० आणि लाइड ४००, आणि एप्सनची परफेक्शन व्ही ३९ ही घरगुती सीआयएस जातीतली ठळक नावं. साधारण पाच ते दहा हजारांच्या पट्ट्यात हे सगळं बसतं. भाव हंगामाप्रमाणे खालीवर होतात, दिवाळीच्या आसपास ऑनलाइन बरा भाव लागतो. या तिघांनाही वेगळा वीजजोड लागत नाही, ते लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात. शहरातल्या लोकांना ही गोष्ट किरकोळ वाटेल. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो आणि सीसीडी स्कॅनरचा अडॅप्टर मग शोभेचा ठरतो. यूएसबीवाला लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत चालत राहतो. फक्त केबल थेट लॅपटॉपला जोडायची; स्वस्त हब किंवा लांबलचक वाढीव वायर मधे घातली की वीज कमी पडते आणि स्कॅन अर्ध्यात थांबतं.

जुना, वापरलेला स्कॅनर हजारभरात मिळत असेल तर? यंत्र चांगलं असतं, घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉपवरून स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होतो. कंपनी जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी काढत नाही. आपल्या लॅपटॉपवर तो चालतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण कमी येते, कारण तिथल्या सेन या व्यवस्थेत जुन्या स्कॅनरची मोठी यादी आहे. व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअरही असे जुने स्कॅनर चालवतं, पण त्याची किंमत जोडली की स्वस्ताई कुठे राहिली?

वाचणारं सॉफ्टवेअर

फुकटातला मुख्य आधार म्हणजे टेसरॅक्ट. हे मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं काम; २००५ साली ते सर्वांसाठी खुलं झालं, पुढे गुगलने त्याला बळ दिलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल पद्धतीने (नमुन्यांवरून शिकून) अख्खी ओळ वाचतं, सुटं सुटं अक्षर नाही. देवनागरीत अक्षरं शिरोरेघेला लोंबकळलेली असतात, ती सुटी करायला गेलं की घोळ होतो. म्हणून ओळ वाचण्याच्या या पद्धतीचा आपल्याला जास्त फायदा झाला.

टेसरॅक्ट आज्ञा टाइप करून चालवावं लागतं. ते नको असेल तर नॅप्स-टू नावाचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट. स्कॅन करणं, पानं मागेपुढे करणं, पीडीएफ बांधणं हे सगळं त्यातच होतं आणि आत टेसरॅक्ट बसलेलं असतं. ओसीआरच्या खिडकीत भाषांची यादी येते, तिथून मराठी एकदा उतरवून घ्या. त्यानंतर इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, त्यामुळे मला हे फार सोयीचं. तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं दिसतं आणि त्यामागे मजकूर दडलेला असतो. शोधाच्या चौकटीत ‘मोर्शी’ टाकलं की मोर्शीचा उल्लेख असलेलं पान समोर. मजकूर वेगळा काढून दुरुस्त करायचा असेल तर जीइमेजरीडर बरं पडतं, त्यात डाव्या हाताला चित्र आणि उजव्या हाताला मजकूर असं बघता येतं.

दुसरा रस्ता गुगल ड्राइव्हचा. पानाचं चित्र ड्राइव्हवर चढवा, त्यावर राइट क्लिक करून गुगल डॉक्समध्ये उघडा. खाली मजकूर उमटतो. जुन्या, खराब छपाईवर माझ्या अनुभवात हे टेसरॅक्टपेक्षा सरस चालतं. फाइल दोन एमबीच्या आत ठेवायची असा त्यांचा सल्ला आहे, म्हणजे पानं एकेक करून द्यायची. मात्र जमिनीची, बँकेची, आधार क्रमांकाची कागदं तिथे चढवू नका. ती घरच्या लॅपटॉपवरच वाचून घ्या.

विकतचं ओसीआर घेण्याआधी त्याच्या भाषांच्या यादीत ‘मराठी’ आहे का ते पाहा. ‘हिंदी’वर भागेल असं विक्रेता सांगतो. लिपी एक असली तरी हिंदीवालं सॉफ्टवेअर ‘ळ’चा ‘ल’ करून ठेवतं आणि ‘शेतकऱ्यांचा’ शब्द ओळखू येत नाही. उलट, १९५० ते १९५६ या काळात विदर्भ मध्य प्रदेशात होता. त्या वेळची सरकारी छापील पत्रकं हिंदी-मराठी मिसळलेली निघतात. तशा पानांवर दोन्ही भाषा निवडा.

टिंब जपा

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं याच ठिकाणी आहे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘धूळ काढा’, ‘ठिपके काढा’, ‘डिस्पेकल’ अशी खूण असते आणि बऱ्याचदा ती आधीच चालू असते. ती बंद करा. इंग्रजीत त्याने फार तर एखादा पूर्णविराम जाईल. मराठीत अनुस्वार जातो. ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ होतं, ‘घरांत’चं ‘घरात’, आणि ती चूक वाचतानाही चटकन सापडत नाही, कारण उरलेला शब्दही मराठीच असतो.

तसंच, निव्वळ काळं-पांढरं घेऊ नका, राखाडी छटा निवडा. काळ्या-पांढऱ्यात यंत्र आपल्या मनाने ठरवतं की फिकट ठिपका म्हणजे कागद. राखाडीत तो निर्णय पुढे ओसीआरवर सोपवता येतो. कागद पिवळाजर्द किंवा शाई निळी-जांभळी असेल तर रंगीत घ्या. ३०० च्या खाली का जायचं नाही, तेही इथेच कळतं. दहा पॉइंटचं अक्षर ३०० डीपीआयवर साधारण ४२ पिक्सेल उंच येतं; १५० वर ते २१ होतं आणि अनुस्वाराचं टिंब दोन-तीन पिक्सेलांचं उरतं. तेवढ्या टिंबाला धूळ समजलं तर यंत्राचा दोष नाही.

१९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलें’ असं टिंबांचं रान असतं. सॉफ्टवेअर आजच्या मराठीवर शिकलेलं, त्यामुळे ते स्वतःच टिंबं गाळून मोकळं होतं. नुसता शोध घ्यायचा असेल तर चालेल. पण मजकूर जुन्या रूपात पुन्हा छापायचा असेल तर प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहण्याची तयारी ठेवा.

पान सरळ ठेवणं हेही देवनागरीत जास्त महत्त्वाचं. शिरोरेघ तिरकी झाली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. पातळ कागदावर मागची छपाई आरपार दिसत असेल तर पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यामुळे मागची अक्षरं उठून दिसतात. काळ्याने ती दबतात. फाइल जपायची तर पीएनजी किंवा टिफमध्ये. जेपीईजी खूप दाबली की अक्षराच्या कडेला पिसं फुटतात.

एवढं करूनही चुका राहतात आणि त्या ठरावीक जागी राहतात. ‘ख’चं ‘रव’, ‘घ’चं ‘ध’, ‘भ’चं ‘म’, ‘थ’चं ‘य’, ‘ष’चं ‘प’. खिळ्यांच्या छपाईतली एकावर एक चढवलेली जोडाक्षरं, जुन्या वळणाचे ‘अ’ आणि ‘झ’. आकडे तर स्वतंत्रपणे तपासाच. वर्षं आणि रकमा चुकल्या तर अहवालाचा उपयोग काय?

मजकूर युनिकोडमध्ये मिळतो हेही लक्षात असू द्या. छापखान्यात अजून जुन्या फॉन्टवर काम चालत असेल तर तिथे तुमची फाइल उघडल्यावर चौकोन दिसतील. त्यांच्याकडे फॉन्ट बदलणारं कन्व्हर्टर आहे का ते आधी विचारून घ्या. आणि पुस्तक छापायचं किंवा नेटवर टाकायचं तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क असतो, तो तपासा. वाचनालयाच्या कपाटात आहे म्हणून ते आपलं होत नाही.

दुकानात

खरेदीला अमरावतीला जा नाहीतर नागपूरला, आपलाच लॅपटॉप घेऊन जा, नॅप्स-टू आणि मराठी आधीच टाकलेला. सोबत आपल्या कामातलं सगळ्यात वाईट पान न्या; पिवळं, बारीक, मागची छपाई दिसणारं. दुकानातला मुलगा कंपनीचं गुळगुळीत रंगीत चित्र स्कॅन करून दाखवेल, ते सगळ्याच स्कॅनरवर छान येतं. आपलं पान ३०० वर राखाडीत घ्यायला लावा, मराठीत वाचून घ्या आणि अनुस्वार मोजा. पान चारही कोपऱ्यांत सारखं स्पष्ट आहे ना, तेही बघा. ‘सील तुटतं’ म्हणून नाही म्हणाले तर डेमोचा नग मागा. तोही नसेल तर दुसरं दुकान. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी हीच परीक्षा घरी घ्या, आणि आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पैसे देण्याआधी. वॉरंटीतलं यंत्र आपल्यालाच नेऊन द्यायचं की माणूस घरी येतो, हे बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर काही मॉडेलच्या पोटाशी कुलपाची खिटी असते, ती उघडल्याशिवाय सेन्सर हलत नाही आणि नुसताच खडखड आवाज येतो. काचेवर पाणी किंवा कॉलिन थेट फवारू नका, मऊ कापड जरासं ओलं करून पुसा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सगळं घर कूलरसमोर येतं. स्कॅनर मात्र तिथे ठेवू नका. दमट वाऱ्याने काचेला आतून वाफ धरते, ती पुसायला हात पोचत नाही. कापूस वेचून घरात आणून ठेवता त्या खोलीतही नको, तंतू झाकणाखाली शिरतात.

फाइलींना नाव देताना वर्ष आधी, मग नाव, मग पान: ‘१९५८-अहवाल-००१’. सगळ्याच्या दोन प्रती, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी. माझी दुसरी प्रत नागपूरला बहिणीकडे असते. तीन-चार महिन्यांनी ती आली की हार्ड डिस्क बदलून नेते.